टब कुठे ठेवायचा हे ससा ठरवतो

बारामतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट असो की इंदापूरकडच्या वस्तीवरची पडवी, ससा घरात आला की आठवड्यात एकच तक्रार सुरू होते: जिकडे तिकडे लेंड्या. मांजरासारखा ससाही ठरल्या जागी जायला शिकतो, पण ती जागा तो ठरवतो. आम्ही टब बाल्कनीच्या दाराशी ठेवला होता आणि ससा महिनाभर गॅसच्या टाकीमागे जात राहिला. शेवटी टब टाकीमागे सरकवला आणि दोन दिवसांत प्रश्न मिटला. टाकी बदलायला येणारा पोरगा तेवढा कुरकुरतो.

काय करावे

• पहिले आठ-दहा दिवस ससा एकाच खोलीत ठेवा. तो पुन्हा पुन्हा कुठल्या कोपऱ्यात मुततो ते बघा आणि टब तिथेच मांडा. सवय लागली की मगच पुढची खोली मोकळी करा.

• टब चौकोनी, उथळ आणि प्लॅस्टिकचा घ्या. सशाला आत पूर्ण वळता आलं पाहिजे. घरातलं लोखंडी घमेलं नको. ते मुताने गंजतं आणि तिरक्या कडेवर पाय पडला की कलंडतं.

• तळाला जुन्या पेपरच्या चार-पाच घड्या आणि वर वाळलेलं गवत टाका. खाण्याचं ताजं गवत टबाच्या एका टोकाला ठेवा. ससा खाता खाता लेंड्या टाकतो, त्यामुळे चारा तिथे असला की तो आपणहून टबात जाऊन बसतो. बाकी सगळं विसरलात तरी एवढं विसरू नका.

• गवत मारवेल किंवा हरळी, चांगलं वाळलेलं. बांधावरून कापून आणत असाल तर तणनाशक मारलंय का ते आधी विचारा. उसाच्या पट्ट्यात हे विचारावंच लागतं.

• बाहेर सांडलेलं मूत कागदाने टिपून तो कागद टबात टाका. लेंड्याही उचलून टबातच. टब रोज साफ करा, पण मूठभर जुन्या लेंड्या मागे ठेवा. वासावरून त्याला जागा कळते.

• टबाला पांढरा थर धरतो तो मुतातल्या कॅल्शियमचा. व्हिनेगरने निघतो. शहाबादी फरशीवर मात्र व्हिनेगर ओतू नका, ते दगड खातं.

• नर ४ ते ६ महिन्यांचा झाला की हद्द आखण्यासाठी फवारे मारू लागतो. त्यावर खरा उपाय नसबंदीच. आपल्याकडच्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो, म्हणून याआधी कधी सशाला भूल दिली आहे का, हे स्पष्ट विचारा. आणि ऑपरेशनआधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं.

• लेंड्या फेकू नका. थेट गुलाबाच्या, तुळशीच्या कुंडीत टाका.

काय टाळावे

• मोठ्या सशाला रोज लसूणघास. गोठ्यासाठी घरात येतोच, म्हणून सशापुढेही पेंढी पडते. पण त्यात कॅल्शियम फार, मूत चुन्यासारखं घट्ट होतं आणि ससा जागेवर जाईनासा होतो. वाढत्या पिल्लाला चालतो.

• उसाचं कांडं, गुळाचा खडा, पोळी. कारखान्यांच्या मुलखात हा मोह आवरत नाही, कळतं. पण गोडाने आतडं बिघडतं. मग द्राक्षाच्या बारीक घोसासारख्या मऊ, चिकट लेंड्या फरशीभर दिसतात. एरवी त्या ससा बाहेर येताच स्वतः खातो. त्याला तसं करताना पाहून हाकलू नका, त्याच्या पचनाचा तो अर्धा भाग आहे.

• वखारीतला भुस्सा. बारीक धूळ फुफ्फुसात जाते आणि लाकूड कुठलं ते कोणालाच ठाऊक नसतं. मांजरांसाठीची, ओली झाली की गोळा होणारी वाळूही नको. सशाने खाल्ली तर पोटात अडकते.

• डाळिंबाचा क्रेट. तळाला भोकं, मूत खाली आणि पाय जाळीत.

• मारणं, नाक घासणं, कान धरून उचलणं. त्याला शिक्षेचं कारण समजत नाही, फक्त तुमचा हात समजतो.

• लालसर मूत दिसलं की घाबरणं. पाल्याच्या रंगानेही तसं होतं. मात्र ससा कुंथत असेल किंवा दहा-बारा तास खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद असतील, तर सकाळची वाट बघू नका.

• ऊसतोडीच्या वेळी फडात सापडलेली पिल्लं घरी आणणं. तो रानससा, पाळीव जातच वेगळी. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि टबाची सवय त्याला लागत नाही. पिल्लू फडाच्या कडेला सावलीत ठेवा आणि कुत्री तेवढी लांब बांधा. आई दिवसा पिल्लांजवळ नसतेच, ती अंधार पडल्यावर दूध पाजायला येते.