सपाट नगरातील भुयारी गटारे

पाणी उतारानेच वाहते, हे कोणासही सांगावयास नको. परंतु ज्या नगरास उतारच नाही, तेथील सांडपाण्याने जावे कोठे? चेन्नई, म्हणजे पूर्वीचे मद्रास, हे असे नगर होय. समुद्रसपाटीपासून त्याच्या भूमीची सरासरी उंची अवघी ६ ते ७ मीटर. भुयारी नळास दोनशेस एक असा उतार दिला, तर एका किलोमीटरात तो ५ मीटर खाली जातो. थोडे आणखी पुढे गेल्यास नळ समुद्रापेक्षाही खोल. उतार कमी करावा, तर पाण्याचा वेग सेकंदास सुमारे ०.६ मीटरच्या खाली येऊन गाळ तळाशी बसू लागतो. म्हणून तेथे सांडपाणी ठिकठिकाणी विहिरींत गोळा करून पंपाने वर उचलावे लागते व कोडुंगैयूर, पेरुंगुडी इत्यादी शुद्धीकरण केंद्रांकडे धाडावे लागते. पंप थांबला, की नळ तुंबलाच.

१९१० साली या गटारांची आखणी झाली, तेव्हा १९६१ मध्ये वस्ती ६.६ लाख होईल असे धरले होते. प्रत्यक्षात त्या वर्षीच्या जनगणनेत ती १७ लाखांहून अधिक भरली. आखणाऱ्यांस दोष देणे सोपे आहे. पण पन्नास वर्षांपुढचे मद्रास कोणास दिसले असते? १९५८ मध्ये योजना वाढविण्यात आली, १९७८ मध्ये पाणी व मलनिःसारण यांसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले.

तथापि केवळ नळ मोठे करून भागत नाही. पावसाच्या पाण्याची गटारे तेथे निराळी आहेत. पण गच्चीचे पाणी सांडपाण्याच्या नळास जोडले, तर काय होते ते पाहा. १०० चौरस मीटर गच्चीवर तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला, की ५,००० लिटर पाणी होते. माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरल्यास, एका घराच्या गच्चीने ३७ माणसांचे दिवसाचे पाणी तासात नळात ओतले! मग रस्त्यावरील झाकणे उचलली जातात. तुंबलेल्या नळात विषारी वायू साठतो; तो मोकळा करण्यास उतरलेल्या कामगारांचे प्राण गेले आहेत. म्हणून हे काम यंत्रांकडे सोपविणे, हाही सुधारणेचाच भाग होय.

कोंडलेले पाणी सर्वांत खालचे तोंड शोधते. ते तोंड बहुधा तळघरातील किंवा तळमजल्यावरील न्हाणीघराचे असते. तेथे एकाच दिशेने उघडणारी झडप बसविली, तर रस्त्यावरचे पाणी आत येत नाही. मात्र झडप मिटली असता घरचे पाणीही बाहेर जात नाही; वरच्या मजल्यावर कोणी नळ सोडला, तर ते पाणी तळमजल्यावरच उफाळते.