देवाकडे तक्रार करणे, हीही प्रार्थनाच

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी माझे पती गेले. रोज प्रार्थनेला बसते, पण ‘देव चांगला आहे’ असे तोंडातून निघत नाही. माझा विश्वास संपला का?

उत्तर : नाही ताई. विश्वास संपला असता, तर तुम्ही प्रार्थनेला बसलाच नसता. बायबलमधल्या 150 स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत. 88वे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरीही ते प्रार्थना म्हणून जपले गेले. गेथशेमाने बागेत येशूनेही आधी दुःखाचा प्याला टळावा असे मागितले, मग स्वतःला पित्याच्या इच्छेवर सोपवले. तुम्हीही आधी मनातले खरे बोला. सोपवणे नंतर येईल.

पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील, 1882 मध्ये पती आणि 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गमावली. तरी देवावरचा त्यांचा भरवसा अखेरपर्यंत टिकला.

रोज 13वे स्तोत्र सावकाश वाचा. सहाच ओव्यांत ते आक्रोशाकडून भरवशाकडे जाते. शब्द सुचत नसतील, तर मंडळीतल्या एखाद्या बहिणीला तुमच्यासाठी प्रार्थना करू द्या. झोप-जेवण तुटले असेल, तर डॉक्टरांकडेही जा. उपचार घेतल्याने विश्वास उणा होत नाही.