संगणकातील खेळांचा ठाव

देवरी वा सालेकसा तालुक्यातील शाळेत विद्यार्थ्याचा पत्ता हवा असता आपण घरोघर हिंडत नाही. दाखलखारीज नोंदवही उघडतो. संगणकात बसविलेल्या खेळांचा शोधही आज्ञावलीने तसाच घ्यावा. विंडोज प्रणालीत ‘रजिस्ट्री’ हीच नोंदवही होय. तिच्या ‘अनइन्स्टॉल’ विभागातील नोंदींतून ‘इन्स्टॉल लोकेशन’ वाचावे. ते पुष्कळदा रिकामे असते. भरलेले असल्यास तो फोल्डर प्रत्यक्ष आहे काय, हे पडताळावे. ‘स्टीम’चे खेळ अनेक डिस्कांवर असू शकतात, त्या जागांची यादी ‘लायब्ररीफोल्डर्स’ या फाइलीत मिळते. मात्र सापडलेला फोल्डर परस्पर पुसू नये. खेळ रीतसर विस्थापित करावा. अन्यथा विद्यार्थी गाव सोडून गेला तरी पटावर नाव राहावे, तशी नोंद मागे उरते.