त्याला गुपचूप जाऊ देऊ नका

गणपतीच्या तोंडावर आमच्या ढोल पथकाचं नाव पोलीस ठाण्यात नेलं, असं माझ्याबद्दल अजून बोललं जातं. ज्यांच्यासोबत नदीपात्रातल्या शेडमध्ये वर्षानुवर्षं ढोल वाजवला, ती माणसं लक्ष्मी रोडवर समोर आली तर मान वळवतात. मला याचा राग आहे आणि तो लपवायची गरज वाटत नाही. जे केलं ते बरोबरच होतं. उद्या तीच वेळ आली तर पुन्हा तेच करेन.

मुलीबद्दल फार सांगणार नाही. ती अल्पवयीन आहे आणि तिची ओळख पटेल असं काही छापणं हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. सराव संपल्यावर ती रेंगाळली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला, एवढं पुरे. नव्या वादकांना शिकवणाऱ्या दादाचे रात्री उशिराचे मेसेज होते. आधी ‘जेवलीस का’, मग ‘ग्रुपवर नको, इथेच बोल’, मग फोटोची मागणी. कंबरेला ढोल बांधून देताना तो काय करायचा, हे तिने नंतर सांगितलं, माझ्याकडे न बघता.

तिच्या आईला मी त्याच रात्री कळवलं. पथकप्रमुखांनी लगेच बैठक लावली. मुलीलाही बोलवा, समोरासमोर होऊन जाऊ दे, असा त्यांचा आग्रह होता. सगळ्या पुरुषांमध्ये त्या पोरीला बसवून तेच पुन्हा वदवून घ्यायचं, शेजारी तो बसलेला असताना! मी साफ नकार दिला. मग सुरू झालं. ‘ताई, मिरवणूक होऊ द्या, मग बघू.’ ‘सुपाऱ्या घेतल्यात, ऐनवेळी काय सांगायचं?’ ‘पोरीचंच नाव खराब होईल.’ ‘त्याच्या लग्नाची बोलणी चाललीत.’ त्याच्या लग्नाची काळजी सगळ्यांना होती. ती मुलगी उद्या शाळेत कशी जाईल, हे एकानेही विचारलं नाही.

आणि मग खजिनदार मला समजवायला म्हणून म्हणाले, ‘अहो, आधीच्या पथकातही त्याचं असंच झालं होतं. त्यांनीही बोभाटा न करता काढलं. आपणही राजीनामा घेऊ, विषय संपला.’

मला काही क्षण बोलताच येईना. यांना माहीत होतं. माहीत असून त्याला घेतलं होतं, कारण हात चांगला होता आणि शिकवायला माणूस हवा होता. वर त्याच्याकडे सोपवली कोण, तर वयाने सगळ्यात लहान मुलं. तिकडच्यांनी त्याला शांतपणे घालवलं म्हणून तो आमच्या शेडमध्ये आला, आणि आम्ही शांतपणे घालवला असता तर तिसऱ्या पथकात जाऊन आणखी कुणाच्या तरी मुलीला ढोल बांधून देत उभा राहिला असता.

मी बैठकीतून उठले आणि मुलीच्या आईसोबत पोलीस ठाण्यात गेले. जाताना प्रमुखांनी बदनामीचा दावा ठोकण्याची धमकी दिली. घाबरू नका. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्याला पॉक्सोच्या कलम 19 मध्ये संरक्षण आहे. त्याच कलमानुसार असा गुन्हा झाल्याचं कळलेल्या कुणालाही तो कळवावाच लागतो. आधी संस्थेने चौकशी करावी, पुरावे जमवावेत, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर कलम 21 खाली त्याला 1 वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली स्पष्ट सांगितलं, की माहीत असून न कळवणं हाच गंभीर गुन्हा आहे.

मुलीच्या आईला सगळ्यात जास्त भीती ठाण्याच्या पायऱ्यांची होती. जबाब घ्यायला महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यांत घरी आल्या. कायद्यातच तशी तरतूद आहे. नाही आल्या तर ती आग्रहाने मागा. पुढचं न्यायालयात आहे, त्यावर बोलत नाही. पण तक्रारीनंतर आधीच्या पथकातल्या एका मुलीचे पालकही पुढे आले. मी कांगावा करतेय म्हणणाऱ्यांनी हे तरी लक्षात ठेवावं.

आता पालकांना सांगते. पथकाचा फॉर्म भरताना तुमच्याकडून हमीपत्र घेतात. मुलाला इजा झाली तर पथक जबाबदार नाही, वगैरे. तुम्हीही विचारा, की मुलांची तक्रार ऐकायला कोण नेमलंय, त्यात बाई आहे का. उत्तर ‘आपलं कुटुंबच आहे’ असं आलं, तर मूल तिथे पाठवू नका. अठराखालच्या वादकांच्या ग्रुपवर एक पालक हवाच आणि शिकवणाऱ्याने मुलांना खासगी मेसेज करायचा नाही, हा नियम लेखी हवा. मुलींचा ढोल मुलींनीच बांधावा. सरावानंतर ‘मी सोडतो’ म्हणणाऱ्याच्या गाडीवर मूल बसता कामा नये. मिरवणुकीच्या दिवशी कपडे बदलायची जागा आधी जाऊन बघा. मुलग्यांच्या बाबतीतही हे सगळं तितकंच लागू आहे, पॉक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही. आणि घरी मुलांशी बोलत राहा.

पथकांना, मंडळांना, क्रीडा संस्थांना एकच सांगणं. मुलांशी रोज संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करावी, असं पॉक्सोचे 2020 चे नियम सांगतात. आमच्याकडे सगळे हौशी कार्यकर्ते, म्हणून तो विषयच कधी निघाला नाही. पडताळणी जरूर करा, पण तिच्यात फक्त नोंदलेले गुन्हे दिसतात. गुपचूप घेतलेला राजीनामा कुठल्याच दाखल्यावर येत नाही. म्हणून नवा माणूस घेताना आधीच्या पथकप्रमुखाला फोन करून थेट विचारा, ‘लहान मुलं याच्या हाताखाली पुन्हा द्याल का?’ समोरचा अडखळला तर घेऊ नका.

यंदाचं वाद्यपूजन होऊन सराव सुरू होतील. तुमच्या पथकात असं काही ‘मिटवलेलं’ तुम्हाला माहीत असेल, तर पोलिसांना किंवा 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवा. हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि फोनला पैसे पडत नाहीत.