देवाचा विलंब आणि देवाची दया

आपले देवळाली एके काळी वाट पाहणाऱ्यांचे गाव म्हणून साऱ्या इंग्रजी लष्करात ठाऊक होते. १८६० नंतर येथे छावणी वसली. हिंदुस्थानातील नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांस मायदेशी नेणारी बोट मिळेपर्यंत येथे आणून ठेवीत असत. बोटी बहुधा हिवाळ्याच्या महिन्यांत सुटत. त्यामुळे ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडी संपे, त्यास येथे कित्येक महिने काढावे लागत. हाती फारसे काम नसे, घर डोळ्यांपुढे दिसे, आणि दिवस काही सरत नसत. कित्येकांची मने अशा रिकाम्या प्रतीक्षेने बिघडली. म्हणून आपल्या गावाच्या नावाचा अपभ्रंश होऊन झालेला 'डुलाली' हा शब्द चळ लागणे या अर्थाने इंग्रजी बोलीत रूढ झाला.

ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण असे की, ख्रिस्ती मंडळी हीदेखील वाट पाहणारी मंडळी आहे. प्रभू येशू ख्रिस्त पुन्हा येईल, जगाचा न्याय करील आणि सर्व काही नवे करील, असा तिचा विश्वास आहे. ही वाट पाहता पाहता १,९०० वर्षांहून अधिक काळ लोटला. या काळात जेव्हा जेव्हा मोठे युद्ध पेटले, धरणीकंप झाला अथवा साथ पसरली, तेव्हा तेव्हा लोकांनी एकमेकांस विचारले, 'हेच ते शेवटचे दिवस काय?' आमच्या वर्गांतही हा प्रश्न येतो. शास्त्रपाठाच्या तासास प्रकटीकरणाचे पुस्तक उघडले की कित्येक मुलांच्या चेहऱ्यांवर भीती उमटते, आणि एखादा धीट मुलगा विचारतो, 'देव जर प्रीती आहे, तर हे सारे भयंकर वर्णन कशासाठी?' प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपण या पाठात शोधू. आमच्या वाचकांत अनेक धर्मांची कुटुंबे आहेत. ख्रिस्ती शास्त्र याविषयी काय म्हणते, हे त्यांनीही निश्चिंत मनाने वाचावे.

प्रथम भविष्यवाद म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. जोशीबुवा पंचांग पाहून जे सांगतात ते भविष्य निराळे, आणि संदेष्ट्याचा शब्द निराळा. जोशीबुवांचे भाकीत खरे ठरले की त्यांची कीर्ती वाढते. परंतु पवित्र शास्त्रात असा एक संदेष्टा आहे की, त्याचे भाकीत घडले नाही, आणि घडले नाही यातच देवाचा हेतू सफल झाला. त्याचे नाव योना. चाळीस दिवसांनी निनवे नगराचा नाश होईल, असे त्याने रस्त्यारस्त्यांतून पुकारले. नगरातील लोकांनी, राजापासून रंकापर्यंत, गोणपाट नेसून पश्चात्ताप केला. नगर वाचले. योनास मात्र याचा राग आला! तेव्हा देवाने त्यास विचारले की, ज्यांस उजवा हात कोणता आणि डावा कोणता हेही कळत नाही अशी १,२०,००० हून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे ज्या नगरात आहेत, त्याची मला कीव येऊ नये काय? तेथेच ते पुस्तक संपते. योनाने काय उत्तर दिले हे त्यात लिहिलेले नाही. ते उत्तर वाचणाऱ्याने द्यावयाचे आहे.

यावरून एक नियम हाती लागतो. देव संकटाची सूचना आगाऊ देतो, ती मनुष्याने त्यातून वाचावे म्हणून देतो. ज्यास मारावयाचे असते तो आधी हाक मारीत नाही. विहिरीच्या काठाशी खेळणाऱ्या मुलास आई मोठ्याने ओरडते, तेव्हा तो आवाज कठोर वाटतो. पण त्या कठोरपणाच्या पोटी काय असते, हे प्रत्येक मुलास ठाऊक आहे.

आता विलंबाचा विचार करू. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अशा लोकांचा उल्लेख आहे की, जे थट्टेने विचारीत, 'तुमचा प्रभू येणार होता ना? मग कोठे आहे?' प्रेषिताचे उत्तर मोठे विचार करण्याजोगे आहे. तो म्हणतो की, प्रभू उशीर करीत नाही, तो धीर धरीत आहे. कारण कोणाचाही नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही, सर्वांनी पश्चात्ताप करावा अशी आहे. म्हणजे विलंब हा देवाचा विसर नव्हे. विलंब ही देवाची दया आहे.

प्रभू येशूने हीच गोष्ट एका दाखल्यात सांगितली आहे, आणि द्राक्षमळ्यांच्या आपल्या नाशिक जिल्ह्यात ती समजावून सांगावी लागत नाही. एका द्राक्षमळ्यात अंजिराचे झाड होते. धनी तीन वर्षे फळ पाहावयास आला, पण फळ मिळेना. तो म्हणाला, 'तोडून टाक; जागा कशाला अडवितो?' माळी म्हणाला, 'महाराज, हे एक वर्ष राहू द्या. मी भोवती खणतो, खत घालतो, मग पाहू.' ज्या वर्षात आपण जगत आहो ते हेच मागून घेतलेले वर्ष होय. मात्र या वर्षात माळ्याच्या हाती कुदळ आहे, हे विसरू नये. दयेचा काळ म्हणजे निजण्याचा काळ नव्हे. लूकच्या शुभवर्तमानात त्या झाडाचे पुढे काय झाले, हे सांगितलेले नाही. दहा कुमारींच्या दाखल्यात तर एका घटकेस दार बंद होते, असे स्पष्ट सांगितले आहे. हे लपवून आम्ही मुलांस केवळ गोड तेवढे सांगू, तर ते खरे शिक्षण होणार नाही.

आता ज्या पुस्तकाची भीती वाटते ते प्रकटीकरण उघडू. पहिल्या शतकाच्या शेवटी शेवटी, ख्रिस्ती नावामुळे छळ सोसणाऱ्या आशिया प्रांतातील सात मंडळ्यांस ते लिहिले गेले. लिहिणारा योहान हा स्वतः पात्म नावाच्या बेटावर होता, आणि त्या छळात त्यांचा भागीदार होता. हे ध्यानात ठेविले म्हणजे अर्धी भीती जाते. हे पुस्तक घाबरलेल्या लोकांस धीर देण्याकरिता लिहिले आहे, हे मग कळते. पाचव्या अध्यायात शिक्के मारलेली गुंडाळी कोण उघडील म्हणून योहान रडतो. त्यास सांगण्यात येते की, यहूदाच्या वंशाचा सिंह ती उघडील. तो सिंह पाहावयास वळतो, तो त्यास काय दिसते? वध केलेला कोंकरा! या क्षणापासून पुस्तकाच्या अखेरपर्यंत जगाचा सारा कारभार या घायाळ कोंकऱ्याच्या हाती आहे. ज्याचा न्याय सर्वांनी भ्यावा, त्याच्याच अंगावर जखमा आहेत.

पुढे शिक्के, कर्णे आणि वाट्या यांचे प्रसंग येतात. येथे विद्यार्थ्यांनी पेन्सिल घेऊन अंक मोजावेत. चौथा शिक्का उघडतो तेव्हा पृथ्वीच्या चौथ्या भागावर अधिकार दिला जातो. पहिल्या चार कर्ण्यांच्या वेळी तिसऱ्या भागाची हानी होते. आघात एकदम पुरा पडत नाही. मध्ये जागा राहते, वेळ राहतो. नवव्या अध्यायाच्या शेवटी आणि सोळाव्यात वाट्या ओतल्या जातानाही पुनःपुन्हा लिहिले आहे की, इतके होऊनही लोकांनी पश्चात्ताप केला नाही. देवास पश्चात्ताप नकोच असता, तर तो झाला नाही ही खंत कोणी लिहून ठेविली असती काय?

तथापि आमच्या धीट मुलाची शंका अजून उरतेच. शेवटी न्याय होतो, बाबेल नगराचा नाश होतो. यात दया कोठे आहे? याचे उत्तर अठराव्या अध्यायातील एका यादीत आहे. बाबेल पडल्यावर व्यापारी रडतात, कारण त्यांचा माल आता कोणी घेत नाही. तो माल कोणता? सोने, रुपे, मोती, तलम वस्त्रे, हस्तिदंत, दालचिनी, तेल, पीठ, गुरे, मेंढरे, घोडे, रथ. आणि अगदी शेवटी, माणसे. विकावयास काढलेली माणसे!

ही यादी आपणांपासून दूरची नाही. येथून काही मैलांवर नाशिकास शरणपूर आहे. त्याच्या नावाचा रस्ता आपण सर्वांनी पाहिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने ही वसाहत उभारली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून विकावयास नेली जाणारी मुले इंग्रजी आरमार अरबी गलबतांवरून सोडवी. त्यांपैकी कित्येकांस मुंबईहून येथे आणले. शरण आलेल्यांचे पूर, या नावास ते साजेसेच होते. येथे त्यांस लिहिणेवाचणे आणि हातचे धंदे शिकविले. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. तो पुढे आफ्रिकेत डॉक्टर लिव्हिंगस्टन यांच्या सोबतीस गेला. १८७३ साली लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरण्यात आले. त्या वेळी जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडावर त्यांचे नाव कोरले. मग सूसी आणि चूमा यांच्या पुढारपणाखाली त्या लोकांनी तो देह शेकडो मैल खांद्यावर वाहून समुद्रापर्यंत आणिला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन झाले, तेव्हा जेकब तेथे उभा होता.

आता तीच यादी जेकबच्या जागी बसून वाचा. व्यापाऱ्यास बाबेलचा नाश ही आपत्ती वाटेल. पण ज्याचे नाव मालाच्या यादीत होते त्यास ती सुटकेची बातमी आहे. न्याय नसता तर दुबळ्यास वाली कोण? जो देव जुलमाकडे पाहून कधीच काही म्हणत नाही, त्यास दयाळू कसे म्हणावे? न्याय ही दयेचीच दुसरी बाजू होय. मात्र आपण कोणत्या बाजूस उभे आहो, हे ज्याने त्याने तपासावे. कारण व्यापारी होणे फार सोपे असते.

येथवर आल्यावर काही जण विचारतात, 'मग तो दिवस केव्हा?' प्रभूने स्वच्छ सांगितले आहे की, तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणासही ठाऊक नाही. तरी माणसे हिशेब मांडीतच राहिली. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या उपदेशकाच्या शिकवणीवरून त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस निश्चित केला. हजारो लोक वाट पाहत बसले. कोणी शेतातील पीकही काढले नाही. दिवस उजाडला आणि मावळला. त्या लोकांची जी निराशा झाली ती इतिहासात नमूद आहे. तारीख मोजणे हे वाट पाहणे नव्हे.

खरी वाट कशी पाहावी, हे प्रभूने एका कारभाऱ्याच्या दाखल्यात सांगितले. धनी परगावी गेला असता जो कारभारी घरच्या माणसांस वेळच्या वेळी जेवू घालतो तो धन्य. आणि 'धनी काही लवकर येत नाही' असे म्हणून जो सोबत्यांस मारहाण करू लागतो तो दुष्ट. दोघांसही विलंब सारखाच मिळाला होता. एकाने त्याची भाकरी केली, दुसऱ्याने त्याची काठी केली.

महाराष्ट्रात हा दाखला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात पाहावयास मिळतो. त्या आणि त्यांच्या सोबतीच्या स्त्रिया प्रभूच्या येण्याची वाट पाहणाऱ्या होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा त्यांनी शेवटचा दिवस जवळ आला म्हणून दार लावून घेतले नाही. त्या स्वतः तेथे गेल्या, आणि सुमारे ३०० अनाथ मुलींस घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे मुक्तिसदन वाढले ते या मुलींमुळे. १९०० च्या दुष्काळात आणखी शेकडो आल्या. मुलींस अन्न मिळाले, अक्षर मिळाले, हातास काम मिळाले. बाईंनी पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले, आणि १९२२ साली मृत्यूच्या थोडे आधी ते पुरे केले. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा जे विचारतो, ते हेच आहे: भुकेल्यास अन्न दिले काय? तहानेल्यास पाणी दिले काय? परक्यास घरात घेतले काय? शेवटच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका इतक्या आधी फोडून ठेवणारा परीक्षक, विद्यार्थिमित्रहो, तुम्ही दुसरा कोणता पाहिला आहे? ज्यास आपला कोणी नापास व्हावा असे वाटत नाही, तोच असे करील.

आता पुस्तकाचे शेवटचे पान पाहू. तेथे एक नगर आहे. त्याच्या वेशी दिवसा कधी बंद होत नाहीत, आणि रात्र तर तेथे नाहीच. नदीकाठी एक झाड आहे. त्याची पाने राष्ट्रांच्या आरोग्याकरिता आहेत, म्हणजे लढून जखमी झालेल्या राष्ट्रांसही तेथे औषध आहे. आणि देव स्वतः माणसांच्या डोळ्यांतले अश्रू पुसतो. हे काम तो दूतांवर सोपवीत नाही. सारे भयंकर प्रसंग ओलांडून शास्त्र आपणांस जेथे आणून पोचविते, ती जागा ही आहे. शेवटचे बोलावणेही धमकीचे नाही. जो तहानेला आहे त्याने यावे आणि फुकट घ्यावे, असे ते आहे.

देवळालीच्या त्या शिपायांस बोट येणार हे ठाऊक होते, तरी रिकाम्या प्रतीक्षेने त्यांचे मन खचले. आपणांस दिवस ठाऊक नाही. परंतु काम ठाऊक आहे. पालकांस आमची विनंती आहे की, मुलांस शेवटच्या दिवसाचे भय घालून आज्ञेत आणू नये. भयाने वळलेले मूल भय सरताच पुन्हा फिरते. त्यांस माळ्याची कुदळ दाखवावी, आणि घरात कोणी भुकेला आला तर भाकर त्यांच्याच हातून द्यावी.

घरी विचार करण्यास प्रश्न :

१. निनवे वाचल्यावर योनास राग का आला? आपणांस असा राग केव्हा येतो?

२. बाबेलच्या मालाची यादी वाचून, आपल्या काळात माणसास माल समजण्याचे प्रकार कोणते, ते लिहा.

३. मागून मिळालेले हे एक वर्ष आहे असे समजून, कोणाशी मोडलेला सलोखा तुम्ही या आठवड्यात जोडाल? याचे उत्तर वहीत लिहू नये, करून दाखवावे.