रुळांखालचं आधी

मनू, मॉडेलचं इंजिन अजून खोक्यातच राहू दे. कर्जत-लोणावळ्याचा घाट खोलीत मांडायचाय ना? मग आधी लाकडाचं बघू.

पट्ट्या आणल्या की लगेच कापायला घेऊ नकोस. त्याच खोलीत आठ-पंधरा दिवस आडव्या रचून ठेव, मधून हवा खेळू दे. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, तेही लांबीपेक्षा रुंदीत जास्त. प्लाय १२ मिलिमीटरचा, वॉटरप्रूफ घे आणि कापलेल्या कडांना, खालच्या अंगालाही प्रायमर मार. वरून रंगवलेला आणि खालून कोरा प्लाय वाकतो.

चौकट जोडताना नुसत्या गुण्यावर विसंबू नकोस, दोन्ही कर्ण मोज. भिंतीलगतची रुंदी ७५ सेंटीमीटरच्या आत ठेव. मागच्या रुळावरून डबा घसरला तर हात पोचायला हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: स्क्रू खालून मार. 'मॉडेल रेलरोडर' या अमेरिकन मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी एल-गर्डरची रीत रूढ केली, तिचं मर्म हेच. दोन पट्ट्या काटकोनात जोडून गर्डर करायचा, त्यावर आडव्या पट्ट्या, त्यांना उभे टेकू आणि टेकूंवर रुळाखालची प्लायची पट्टी. वर डोंगर, बोगदे, झाडं झाली तरी खाली बसून स्क्रू सैल करता येतो, टेकू दोन मिलिमीटर उचलता येतो. पावसाळ्यानंतर हे करावं लागतंच गं, म्हणून वरून ठोकून कायमचं बंद करू नये.

खऱ्या घाटात, म्हणजे भोर घाटात, चढ ३७ ला १ आहे. तिथे कर्जतला गाडीमागे बँकर इंजिनं लावतात. तू ५० ला १ च्या वर जाऊ नकोस. एचओमध्ये, म्हणजे १:८७ च्या मापात, एका रुळावरून दुसरा न्यायचा तर साडेसात सेंटीमीटर उंची हवी, म्हणजे पावणेचार मीटर धाव. खोलीत तेवढी भिंत आहे का, ते आजच मोज. चढ सुरू होतो तिथे प्लायला सांधा देऊ नकोस. अखंड पट्टी हळूहळू वाकली की गाडीला धक्का बसत नाही. आयसीएफचा डबा या मापात जवळपास २५ सेंटीमीटर भरतो, तेव्हा वळणाची त्रिज्या ६० च्या खाली नको. ७० मिळाली तर सोडू नकोस.

मग प्लाय आणि रूळ यांच्या मधला कॉर्क. प्लायवर रुळाची मधली रेघ आख, तिच्या दोन्ही अंगांना अर्धी-अर्धी पट्टी लाव. दोन्हीकडचे सांधे समोरासमोर येऊ देऊ नकोस. साधा फेविकॉल पातळ पसर, वॉटरप्रूफ नको. साधा असला तर ओलं फडकं ठेवून पट्टी पुन्हा सोडवता येते. वाळल्यावर पॉलिशपेपर फिरव आणि डोळे मिटून बोट फिरव, उंचवटा बोटाला आधी कळतो.

थंडीत रूळ टाकलेस तर सांध्यात पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेव.

आणि डोंगराला हात लावण्याआधी महिनाभर नुसती गाडी चालव, ओढत आणि ढकलत, दोन्ही दिशांनी. घसरेल तिथे खडूने खूण कर आणि खालचा टेकू तपास.