श्रम घटले, आहार तोच : उज्जैनच्या दिनचर्येवरून काही बोध

आरोग्य हे बहुतांशी रोजच्या सवयींचे फळ होय. रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार हे विकार एका दिवसात जडत नाहीत. ते वर्षानुवर्षे शरीरात मुकाट्याने वाढतात आणि पुष्कळदा पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आल्यावरच त्यांचा पत्ता लागतो. तोवर घरातील कमावती व्यक्ती अंथरुणाला खिळलेली असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह, तर ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळून आले. या विकारांचे मूळ समजून घेण्यास उज्जैनचे उदाहरण उपयुक्त आहे.

पंचक्रोशीची शिदोरी

क्षिप्रातीरीचे उज्जैन हे दौलतराव शिंदे यांनी १८१० साली ग्वाल्हेरला राजधानी हलवीपर्यंत शिंद्यांचे मुख्य ठाणे होते. अनेक मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान् पिढ्या नांदत असून माळव्याचा आहार त्यांच्याही अंगवळणी पडला आहे. सकाळी शेव घातलेले पोहे व जिलेबी, जेवणावर पुन्हा शेव आणि सणासुदीला दाल-बाफले असा तेथील परिपाठ आहे. बाफले म्हणजे कणकेचे गोळे प्रथम पाण्यात उकडून, नंतर निखाऱ्यावर भाजून तुपात बुडविलेले पक्वान्न.

वैशाख महिन्यात तेथे पंचक्रोशी यात्रा भरते. भर उन्हात, डोक्यावर शिधा घेऊन यात्रेकरू पाच दिवसांत सुमारे ११८ किलोमीटर, म्हणजे रोज तेवीस-चोवीस किलोमीटर चालतात. एवढे श्रम करणाऱ्यास तुपाचे अन्न सहज पचते. दिवसभर दुकानाच्या गादीवर अथवा कचेरीच्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या पानात तेच अन्न तितकेच पडले, तर ते चरबीच्या रूपाने पोटाभोवती साचते. अन्न तेच असले तरी ते जिरविणारे श्रम मात्र नाहीसे झालेले असतात.

शरीरात काय घडते

स्नायू हालचाल करू लागले की रक्तातील साखर शोषून घेतात. हालचाल थांबली की साखर रक्तात अधिक काळ राहते व स्वादुपिंडावर ताण पडतो. शेव, फरसाण, पापड, लोणचे यांतील जादा मीठ शरीरात पाणी धरून ठेवते, त्यामुळे रक्तवाहिन्यांवरील दाब वाढतो. तंबाखूतील निकोटिनाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. मध्यप्रदेशात १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घालण्यात आली. तथापि, सवय सुटल्यावाचून कायद्याचा पूर्ण लाभ पदरात पडत नाही.

श्रमाचे महत्त्व लंडनमधील एका अभ्यासाने उत्तम प्रकारे दाखवून दिले. डॉ. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दुमजली बसगाड्यांचे चालक व वाहक यांची तुलना करून १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोघेही एकाच गाडीवर काम करीत. पण चालक बसून असे, तर वाहक दिवसभर जिने चढत-उतरत असे. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये कमी आढळले.

रोज काय करावे

१. आठवड्यातून किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस प्रत्येकी अर्धा तास, झपझप चालावे. जेवणानंतर दहा मिनिटे केलेली शतपावलीही साखर आटोक्यात ठेवण्यास साहाय्यक ठरते.

२. दिवसभरातील मीठ, सर्व पदार्थांतील मिळून, माणशी ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी असावे. पोहे खावेत, त्यांत मटार, शेंगदाणे घालावेत व शेव चिमूटभरच घ्यावी. जिलेबी सणापुरती राखावी.

३. पुरुषांनी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा.

४. तंबाखू कोणत्याही रूपात घेऊ नये.

५. तिशीनंतर रक्तदाब व रक्तातील साखर वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावी. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. सुरू असलेले औषध बरे वाटते म्हणून परस्पर बंद करू नये.

घरातील आहाराचा भार बहुधा गृहिणीवर असतो; परंतु पथ्य हे एकट्या रुग्णाचे नसून साऱ्या घराचे असावे. पानात मीठ वाढून न घेणारे आई-वडील पाहूनच मुले शिकतात.

यात्रेचे पुण्य जन्मभर पुरते अशी भाविकांची श्रद्धा आहे. शरीराचा न्याय मात्र निराळा आहे. व्यायामाने कमावलेली ताकद तो बंद केल्यास काही आठवड्यांतच ओसरू लागते. म्हणून वर्षातून एकदा घडणाऱ्या पंचक्रोशीइतकीच रोजची अर्ध्या तासाची वाटचालही निष्ठेने करावी. तिला खर्च नाही, मुहूर्त नाही, आणि तिचे फळ उतारवयात स्वतःच्या पायांवर उभे राहण्याच्या रूपाने मिळते.